एचबीए१सी एकीकडे ५.६, दुसरीकडे ६.९ आणि खाली 'एस विंडो' असं काहीतरी. कोणता रिपोर्ट धरायचा?

चांदावाला_पुण्यात

मंडळी, बाबांच्या रिपोर्टांनी डोकं बधिर केलंय, लॅबच्या कामातलं कळणारं कोणी असेल तर जरा समजावून सांगा.

बाबा ६१ वर्षांचे. आम्ही मूळचे चंद्रपूर जिल्ह्यातले, आईबाबा अजून तिकडेच असतात, मी नोकरीपायी पुण्यात. मध्यंतरी त्यांना थकवा, तहान, रात्री सारखं लघवीला उठणं असं सुरू झालं म्हणून तिकडच्या डॉक्टरांनी शुगर करायला लावली. उपाशीपोटी १४८, जेवणानंतर दोन तासांनी २३१. त्याच लॅबमध्ये त्याच दिवशी एचबीए१सी पण केलं आणि ते आलं ५.६. डॉक्टर म्हणाले तीन महिन्यांची सरासरी नॉर्मल आहे, म्हणजे मधे काही खाण्यात आलं असेल, गोड कमी करा, तीन महिन्यांनी बघू. आता उपाशीपोटीच्या १४८ मध्ये काय खाण्यात येणार हा माझा बाळबोध प्रश्न, पण बाबा खूश, घरी येताना पावशेर जिलबी घेऊनच आले.

आता ते इकडे आलेत तर मी परत एचबीए१सी करून घेतलं. इथे आलं ६.९. आणि आकड्याच्या खाली बारीक अक्षरात लिहिलंय की एस विंडोमध्ये असामान्य पीक, ३६.२ टक्के, हिमोग्लोबिन व्हेरियंट अ‍ॅनालिसिस करून घ्यावं. सोबत एक ग्राफ आहे, त्यात एक मोठं टोक, त्याच्या पुढे अजून एक बऱ्यापैकी मोठं टोक, बाकी बारीक बारीक.

हे एस म्हणजे सिकल सेल का? बाबांना आयुष्यात कधी तसलं दुखणं झालेलं नाही, अख्खी हयात शेतात गेली, हिमोग्लोबिन १३.४ आहे. आणि दोन रिपोर्टांत एवढा फरक, मग डायबेटिस आहे की नाही? धाकट्या बहिणीसाठी स्थळं बघणं चालू आहे, सिकल शब्द ऐकून आईने जेवण सोडलंय. प्लीज कोणीतरी सांगा.

ठाण्याचा_वाघ

सिंपल आहे, पहिली लॅब भंगार. गावाकडच्या लॅबवर विश्वास ठेवायचाच नाही, टीव्हीवर जाहिरात येणाऱ्या मोठ्या चेनमध्ये टेस्ट करायच्या, घरी येऊन सॅम्पल नेतात, पैसे जास्त जातात पण कटकट नाही. ६.९ धरा आणि गोळी सुरू करा.

लॅबवाला_नागपूर

वाघभाऊ, लॅब भंगार असेलच असं काही नाही नं. मशीन वेगळी असते, पद्धत वेगळी असते, अन् मोठ्या चेनमध्येबी गर्दीच्या सेंटरला तीच पद्धत असू शकते जी गावाकडं होती. मी नागपुरात लॅबमध्ये आहे, रोज हेच करून राहिलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

चांदावाले, आधी एक काम करा. दोन्ही रिपोर्टवर आकड्याच्या बाजूला नाहीतर खाली 'मेथड' म्हणून काही लिहिलं आहे का ते बघा. पुण्याचा रिपोर्ट नक्की एचपीएलसीचा आहे, ग्राफ आहे म्हणजे झालंच. पहिला बहुतेक इम्युनोटर्बिडिमेट्रीचा असेल.

एचबीए१सी म्हणजे काय तर लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या अगदी पहिल्या टोकाला रक्तातली साखर चिकटते, ते चिकटलेलं किती टक्के आहे ते मोजायचं. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते म्हणून दोन-तीन महिन्यांचा हिशोब लागते. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असते. पण मोजायचं कसं, इथं गाडी अडते.

एचपीएलसीत आम्ही जांभळ्या टोपीची ईडीटीएची ट्यूब मशीनला लावतो. मशीन रक्त फोडते, पातळ करते अन् बारीक कॉलममधून बफरसोबत ढकलते. कॉलमच्या आत जे रेझिन भरलं असते त्याच्यावर निगेटिव्ह चार्ज, त्यामुळं ज्या हिमोग्लोबिनवर पॉझिटिव्ह चार्ज जास्त ते जास्त वेळ धरून बसते अन् ज्यावर कमी ते लवकर सुटते. साखर चिकटली की चार्ज कमी होते, म्हणून ए१सी लवकर बाहेर पडते, त्याच्यामागून ए-झिरोचं (साखर न चिकटलेल्या नेहमीच्या हिमोग्लोबिनचं) मोठं टोक, अन् ज्याच्यात एस आहे त्याचं एस सगळ्यात मागं, ए-झिरो उतरल्यावर. बाहेर पडते तिथं ४१५ नॅनोमीटरचा प्रकाश टाकून मोजते. दोन-तीन मिनिटांत खेळ खलास. तुमच्या ग्राफमधलं ते 'पुढचं अजून एक मोठं टोक' म्हणजे तेच. आमच्याकडं विदर्भातले सॅम्पल असले की दिवसभरात असे ग्राफ येतातच, मी तर आधी मागचं टोक बघतो अन् मग आकडा.

आता इम्युनोची पद्धत. त्यात अँटिबॉडी असते, ती बीटा साखळीचं साखर लागलेलं टोक ओळखते, पहिले काही अमिनो आम्ल धरून. सिकलमधला बदल कुठं असते? त्याच बीटा साखळीच्या सहाव्या जागेवर, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. म्हणजे अँटिबॉडी जिथं पकडते त्याच्या अगदी शेजारी. काही किट्सना याचा काही फरक पडत नाही, काहींचा आकडा वर नाहीतर खाली सरकते. नव्या बऱ्याच किट्समध्ये हे सुधारलं आहे पण जुना किट वापरणारी लॅब असली की बोंबला. अन् मुख्य म्हणजे त्यात ग्राफच नसते. मशीन गुपचूप आकडा देते, आत एस आहे का डी आहे का, म्हणजे हिमोग्लोबिनचा वेगळा प्रकार (व्हेरियंट) आहे का, काही कळायला मार्ग नाही. टेक्निशियन बिचारा क्यूसी (मशीन बरोबर मोजते का याची तपासणी) पास आहे बघून सही करते, त्याची चूक तरी काय?

अमेरिकेत एनजीएसपी म्हणून संस्था आहे, त्यांच्या साइटवर मशीनच्या नावानुसार तक्ता आहे, कोणत्या मशीनला एस, सी, डी, ई, एफ यातलं काय काय त्रास देते त्याचा. फुकट आहे, कोणीबी बघू शकते. लॅबला फोन करून मशीनचं मॉडेल विचारायचं अन् तक्त्यात बघायचं. लॅबवाले सांगतात, न सांगायला काही कारण नाही.

चांदावाला_पुण्यात

लॅबवाले दादा, खूप आभार. बघितलं, पहिल्या रिपोर्टवर खरंच इम्युनोटर्बिडिमेट्री लिहिलंय, इतके दिवस तो शब्द कचरा समजून सोडून दिला होता. पण मग ६.९ पक्का धरायचा का? आणि एस ३६ टक्के म्हणजे आजार की काय ते अजून कळलं नाही.

पॅथॉलॉजीवाली_सांगली

मी एमडी पॅथॉलॉजी, सांगलीत प्रॅक्टिस करते. नागपूरच्या दादांनी मशीनचं बरोबर सांगितलंय, पण एचपीएलसी म्हणजे ब्रह्मवाक्य असा अर्थ कोणी काढू नका म्हणून लिहितेय.

आधी डायबेटिसचं. एचबीए१सी बाजूला ठेवा. लक्षणं आहेत, उपाशीपोटी १४८ आहे आणि मर्यादा १२६ ची आहे. जेवणानंतरची २३१ ही काही ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन केलेली टेस्ट नाही, तरी सगळं एकाच दिशेला बोट दाखवतंय. साखरेच्या सॅम्पलबद्दल लोकांना माहीत नसलेली एक गोष्ट म्हणजे रक्त ट्यूबमध्ये गेलं तरी पेशी साखर खातच असतात, काही न घातलेल्या ट्यूबमध्ये तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर कमी होते. करड्या टोपीच्या ट्यूबमध्ये फ्लोराइड असतं ते हे थांबवतं, पण पहिला तास-दोन तास तेही नीट रोखत नाही. म्हणजे बाबांचं सॅम्पल उशिरा लागलं असेल तर १४८ हा आकडा कमीकडे चुकला असेल, जास्तीकडे नाही. अशा वेळी ५.६ बघून 'नॉर्मल' म्हणणं मला पटत नाही. साखर आणि ए१सी एकमेकांना धरून नसतील तर दोघांपैकी एक खोटं बोलतंय, आणि विदर्भातल्या माणसात मी आधी ए१सीवर संशय घेईन. उपाशीपोटीची साखर परत एकदा करा, १२६ च्या वर आली की विषय संपला.

आता ६.९. एस असलेल्या माणसाच्या पेशी थोड्या कमी जगत असाव्यात असा अंदाज आहे, कारण साखर तेवढीच असताना ए१सी किंचित कमी येतं. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांवरचा अभ्यास जामा या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, त्यात सिकल वाहक (आईवडिलांपैकी एकाकडूनच एस आलेले) नसलेल्यांचं सरासरी ६.०१ आणि वाहकांचं ५.७२ निघालं, साखर सारखीच धरून. फरक ०.३ च्या आसपास, पण ६.५ च्या रेषेवर बसलेल्या माणसाला तेवढा पुरतो. तेव्हा ६.९ म्हणजे 'निदान एवढं तरी आहे' असं धरा. बोरोनेट अ‍ॅफिनिटी नावाची तिसरी पद्धत आहे, ती साखरेलाच पकडते, हिमोग्लोबिन कोणतं याच्याशी तिला फारसं देणंघेणं नाही, म्हणून व्हेरियंटवाल्यांत ती बरी. पण पेशीच लवकर मरत असतील तर कोणतीही पद्धत वाचवू शकत नाही हे लक्षात ठेवा.

एस ३६ टक्के आणि बाकी बहुतेक ए, हिमोग्लोबिन १३.४, वय ६१, कधी त्रास नाही. हे सिकल वाहकाचं चित्र आहे, म्हणजे एएस. वाहकात एस साधारण ३५ ते ४० च्या घरात असतं आणि ए त्याच्याहून जास्त. आजार असलेल्या म्हणजे एसएस माणसात ए नसतंच, आणि ए नाही म्हटल्यावर ए१सी कुठून येणार? तरी एखाद्या मशीनने आकडा छापला तर तो बिनकामाचा. वडिलांच्या बाबतीत व्हेरियंट अ‍ॅनालिसिस करून पक्कं करा, कारण ए१सीच्या प्रोग्रॅममध्ये दिसलेलं टोक हे निदान नसतं. दुसरा लांब प्रोग्रॅम असतो नाहीतर कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिस करतात. आईंना जेवायला सांगा. वाहक असणं हा आजार नाही.

आणि पुढे शुगर कंट्रोलमध्ये आहे का बघायला ए१सीच्या जोडीला फ्रुक्टोसामिन करता येतं, ते रक्तातल्या प्रथिनांवर चिकटलेली साखर मोजतं, हिमोग्लोबिनचा संबंध नाही, मात्र दोन-तीन आठवड्यांचंच चित्र देतं. सगळीकडे होत नाही.

कोथरूडची_प्राची

माझ्या बाबतीत उलटं झालं होतं, ए१सी ६.१ आलं, मी एवढी घाबरले की भात बंद, चहा बंद, घरच्यांचं जगणं मुश्कील केलं. ओजीटीटी (ग्लुकोज पाजून करतात ती टेस्ट) केली तर एकदम नॉर्मल. हिमोग्लोबिन ९.२ होतं माझं. याचा काही संबंध?

पॅथॉलॉजीवाली_सांगली

प्राची, आहे ना. लोह कमी असलं की ए१सी उगाच वर जातं. नवीन पेशी हळू बनतात, जुन्या जास्त दिवस फिरत राहतात आणि साखर गोळा करत राहतात. तुझ्याच गावातलं उदाहरण आहे, पुण्याच्या केईएमच्या टीमने साधारण २१ वर्षांच्या तरुणांचा अभ्यास २०१२ मध्ये छापलाय. ग्लुकोज टेस्टने प्रीडायबेटिस ८ टक्क्यांच्या आसपास, आणि त्याच मुलामुलींत ए१सीने मोजलं तर २३ टक्क्यांच्या आसपास. लोहाची कमतरता हे त्यातलं एक कारण. आपल्याकडे बायकांमध्ये अ‍ॅनिमिया किती आहे बघता नुसत्या ए१सीवर कोणाला 'प्री' चा शिक्का मारायचा म्हणजे अवघड आहे. चेकअप पॅकेजवाले मारतात तो भाग वेगळा. आधी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी टेस्ट) करून लोह भरून काढ, मग काही महिन्यांनी ए१सी बघ.

ठाण्याचा_वाघ

म्हणजे एकाचं खाली, एकाचं वर. मग ही टेस्ट करतात कशाला राव? बंदच करा.

ट्रायलवाला_औंध

वाघोबा, बंद नका करू, आमची रोजीरोटी आहे त्याच्यावर 😄

मी क्लिनिकल ट्रायलमध्ये कोऑर्डिनेटर आहे, डायबेटिसच्या औषधांच्या ट्रायल बघतो. तिकडची बाजू सांगतो. १९६८ मध्ये सॅम्युएल रहबर नावाच्या संशोधकाला तेहरानमध्ये डायबेटिसच्या पेशंटच्या रक्तात इलेक्ट्रोफोरेसिसवर एक वेगळा पट्टा दिसला, तिथून ही सगळी गोष्ट डायबेटिसला जोडली गेली. पण अनेक वर्षं प्रत्येक लॅबचा आकडा वेगळा, कोणाचं ७ म्हणजे दुसऱ्याचं ८, कशाचा कशाला पत्ता नाही. मग अमेरिका-कॅनडात डीसीसीटी नावाची मोठी ट्रायल झाली, टाइप १ चे १४४१ पेशंट, १९८३ ते १९९३. शुगर कडक ठेवलेल्या गटात ए१सी ७ च्या आसपास, नेहमीच्या उपचारांच्या गटात ९ च्या आसपास, आणि कडक गटात डोळे, किडनी, नसा यांचे त्रास बरेच कमी. हे ७ आणि ९ सगळ्या जगाला वापरता यावेत म्हणून १९९६ मध्ये एनजीएसपी सुरू झालं, म्हणजे कोणत्याही मशीनचा आकडा डीसीसीटीच्या आकड्याशी जुळवून द्यायचा. तुमच्या रिपोर्टवर 'एनजीएसपी सर्टिफाइड' लिहिलेलं असतं ते हे. पण जुळवणी होते ती नॉर्मल हिमोग्लोबिनवाल्या रक्तावर, व्हेरियंटवाल्याची हमी त्यात नाही, हे रिपोर्टवर कोणी लिहीत नाही.

ट्रायलमध्ये नव्या औषधाने ए१सी ०.५ ने खाली आणलं तरी तो मोठा निकाल मानतात. आता बघा, या धाग्यात एकाच माणसाच्या दोन मशीनमध्ये १.३ चा फरक आहे! म्हणून आमच्याकडे साइटच्या लॅबचा ए१सी चालत नाही, सगळ्या शहरांतले, सगळ्या देशांतले सॅम्पल सेंट्रल लॅबला जातात, थंड पेटीत, कुरिअर चुकलं तर पेशंटला परत बोलवायचं, आणि त्याची समजूत काढायचं काम आमचं. स्क्रीनिंगमध्ये ग्राफवर व्हेरियंट दिसलं की बहुतेक प्रोटोकॉलमध्ये पेशंट बाद. नियम म्हणून बरोबर आहे, नाहीतर डेटा बिघडतो. पण मला त्यात एक खटकतं. गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट इकडच्या ज्या लोकांच्या रक्तात एस आहे, त्यांचं ए१सी कसं वाचायचं हे कळायला तेच लोक अभ्यासात हवेत, आणि नेमके तेच दारातून परत जातात. मग अमेरिकेतल्या वाहकांचा ०.३ चा आकडा आपण इथे वापरत बसतो.

आरमोरीची_ताई

नमस्कार. मी गडचिरोली जिल्ह्यात आरोग्य खात्याच्या कामात आहे, सिकलच्या तपासणीचंच काम जास्त असते. चांदावाले भाऊ, तुमच्या आईला माझा निरोप द्या की आमच्याकडं घरागणिक वाहक सापडतात, नाती नातवंडं खेळवून राहिले.

आम्ही गावात सोल्युबिलिटी टेस्ट करतो. बोटाला टोचून थेंबभर रक्त, ट्यूबमध्ये औषध असते त्यात टाकायचं, थोडा वेळ थांबायचं अन् ट्यूबच्या मागं काळ्या रेघा ओढलेला कागद धरायचा. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, पाणी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. त्या औषधात डायथायोनाइट असते, ते ऑक्सिजन काढून घेते अन् ऑक्सिजन गेलं की एस विरघळत नाही. पण ही टेस्ट फक्त एस आहे एवढंच सांगते, वाहक का आजारी ते नाही सांगत. म्हणून पॉझिटिव्ह आलेल्याचं रक्त पुढं एचपीएलसीला नाहीतर इलेक्ट्रोफोरेसिसला जाते. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असलं तर ती टेस्ट कामाची नाही, बाळात एफ (गर्भातलं हिमोग्लोबिन) जास्त असते.

तुमचे बाबा एवढे वर्षं कसे सुटले म्हणाल तर सांगते. केंद्राचं सिकल सेल निर्मूलन मिशन १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला सुरू झालं, आदिवासी भागातल्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची अन् २०४७ पर्यंत हा आजार संपवायचा असं ठरलं, पण त्यात वय ० ते ४०. तुमचे बाबा ६१, ते आमच्या यादीत आलेच नसते. शुगरच्या टेस्टनं सापडले, असे खूप सापडतात.

बहिणीचं मात्र मनावर घ्या. बाबा एएस अन् आई नॉर्मल असेल तर प्रत्येक लेकराला वाहक होण्याचा चान्स निम्मा. तुम्ही अन् बहीण दोघांनी टेस्ट करा, अन् आईचीबी करा, धरून चालू नका. बहीण वाहक निघाली तरी लग्न अडत नाही, फक्त होणारा जावई वाहक नको, दोघंबी वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक चान्स आजारी बाळाचा. अन् मुलाची नुसती सोल्युबिलिटी करू नका, एचपीएलसी करा, काहून की तो थॅलेसेमियाचा (हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक आजार) वाहक असला तर सोल्युबिलिटी निगेटिव्ह येते पण दोन्ही मिळून बाळाला सिकल-थॅलेसेमिया होऊ शकते. आमच्याकडं लोक कार्ड ट्रंकेत लपवून ठेवतात, मुलीचं जमणार नाही म्हणून, अन् मग लग्नानंतर दोन लेकरं दवाखान्यात घेऊन फिरतात. मला तो राग आहे म्हणून एवढं लिहिलं.

लॅबवाला_नागपूर

ताई, एक नंबर. अजून एक, महिन्या-दोन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर एचपीएलसीबी फसते, दुसऱ्याचं रक्त मोजल्या जाते. आमच्याकडं आलेल्या प्रत्येकाला आम्ही हे विचारतो.

ठाण्याचा_वाघ

मग दंडाला लावायचा तो सेन्सर बेस्ट ना? हिमोग्लोबिनची भानगडच नाही. माझ्या मेव्हण्याने लावलाय, मोबाईलवर दिवसभर ग्राफ बघत बसतो, वडापाव खाल्ला की घरात सगळ्यांना कळतं.

पॅथॉलॉजीवाली_सांगली

चांगला आहे, तो पेशींच्या मधल्या द्रवातली साखर मोजतो, हिमोग्लोबिनशी संबंध नाही हे बरोबर. चौदा दिवसांचे आकडे मिळाले की त्यावरून अंदाजे ए१सी पण काढून देतो, आणि तो खऱ्या ए१सीशी जुळत नसेल तर तीच एक सूचना समजायची. पण दर पंधरा दिवसांनी काही हजार घालणं शेतकरी माणसाला कशाला? साधा ग्लुकोमीटर घ्या, उपाशीपोटी आणि जेवणानंतर आठवड्यातून काही वेळा बघा, वहीत लिहा. डॉक्टरांसमोर ती वही ठेवली की ५.६ च्या नादाला कोणी लागणार नाही.

चांदावाला_पुण्यात

अपडेट देतो. उपाशीपोटीची परत केली, १५२. इथल्या डॉक्टरांनी दोन्ही रिपोर्ट आणि ग्राफ बघून डायबेटिसच म्हटलं, मेटफॉर्मिन सुरू केलंय, किडनी आणि डोळे तपासायला सांगितलेत. ए१सी कायम त्याच लॅबमध्ये त्याच पद्धतीने करा म्हणाले, आणि रिपोर्टवर 'सिकल वाहक' असं स्वतःच्या हाताने लिहून दिलं म्हणजे पुढचा डॉक्टर परत फसायला नको. जिलबी बंद, बाबांनी माझ्याशी बोलणंही जवळपास बंद केलंय.

व्हेरियंट अ‍ॅनालिसिस पण आलं. एस ३६.८, ए२ (हेही एक हिमोग्लोबिनच) ३.७, एफ ०.८, खाली सिकल सेल ट्रेट, म्हणजे वाहक, लिहिलंय. आईचं नॉर्मल, बहिणीचं नॉर्मल. वाहक निघालो मी 🙂 आई इतके दिवस बहिणीच्या नावाने रडत होती. आमचं लग्न झालंय, मूल अजून नाही, बायकोचं सॅम्पल उद्या देतोय, ताईंनी सांगितल्याप्रमाणे एचपीएलसीच.

एकच शंका, बाबांचं ए२ ३.७ आहे आणि नेटवर ३.५ च्या वर म्हणजे थॅलेसेमिया असं येतंय, ते काय?

लॅबवाला_नागपूर

घाबरू नका. एस असलेल्या रक्तात एचपीएलसीवर एसचाच थोडा भाग ए२ च्या जागेवर येऊन बसते, त्यामुळं ए२ थोडं फुगून दिसते. कॅपिलरीवर करा तर कमी दिसेल. ए एसपेक्षा जास्त आहे, हिमोग्लोबिन चांगलं आहे, ते ट्रेटच. एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) किती आहे तेवढं बघून घ्या, ८० च्या वर असलं तर डोक्यातून काढून टाका.

चांदावाला_पुण्यात

८४ आहे. काढून टाकलं.

आरमोरीची_ताई

वहिनींचं काय आलं ते इथं सांगा भाऊ. दोघंबी वाहक निघाले तरी आता दहाव्या-बाराव्या आठवड्यात बाळाची तपासणी होते, त्याच्यासाठी आधी समुपदेशकाला भेटून ठेवा, दिवस गेल्यावर धावपळ करू नका.

उल्हासनगर_२१

धागा छान आहे म्हणून इथेच विचारतो. माझं एस वगैरे काही नाही पण ए२ ५.२ आलंय, एमसीव्ही ६४, लाल पेशी ६१ लाख, हिमोग्लोबिन ११.८. फॅमिली डॉक्टर वर्षभर लोहाच्या गोळ्या देतायत, हिमोग्लोबिन हलत नाही. ए१सी ५.३ आहे ते पण चुकीचं का?

पॅथॉलॉजीवाली_सांगली

हे थॅलेसेमिया मायनरचं चित्र दिसतंय, लोहाचं नाही. पेशी एवढ्या बारीक आणि संख्येने एवढ्या जास्त, लोह कमी असताना सहसा असं होत नाही. फेरिटिन न बघता गोळ्या पुढे चालू ठेवू नका. लग्न झालंय की व्हायचंय ते लिहा, आणि नवा धागा काढा, इथे चांदावाल्यांचं उत्तर यायचंय.